रिसीव्हर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचा पाऊस पडून गेलेल्या एका रात्री, साडेअकराच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले तेव्हा बाबांच्या खोलीतला दिवा बंद होता, पण दाराच्या फटीतून टॉर्चचा उजेड हलताना दिसत होता. दार ढकलले तर बाबा टीव्हीच्या मागच्या अरुंद जागेत भिंतीला गाल टेकवून उभे होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात निळ्या वायरचे टोक, आणि चष्मा कपाळावर. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ची चौकट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात संथपणे तरंगत होती. “कधीपासून गेलंय?” मी विचारले. “झाला असेल पाऊण तास.” “मग हाक का नाही मारलीत?” त्यावर त्यांनी वायरचे टोक टॉर्चसमोर धरून पुन्हा निरखले आणि म्हणाले, “माझ्याच हातची जोडणी आहे. सैल झाली असणार. सकाळी बघतो, तू झोप.”

जोडणी सैल झालेली नव्हती. ते मला त्याच क्षणी कळले होते, आणि मी बोलले नाही.

या प्रकरणाची सुरुवात त्याच्या दोन महिने आधी, आम्ही हॉलसाठी एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळ्या यंत्रांचे चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरांकडे पोहोचवणारे यंत्र, घ्यायचे ठरवले तेव्हा झाली होती. बाबांना मी पहिल्यांदा सांगितले की, आपण रिसीव्हर आणतो आहोत, तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाच्या लेखी रिसीव्हर म्हणजे कानाला लावायची, उचलायची आणि परत ठेवायची वस्तू. दहा-अकरा किलोचा, मागे पन्नासेक भोके असलेला काळा खोका घरी आला तेव्हा त्याच्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, “हा उचलून बोलायचं म्हणजे दोन माणसं लागतील.” विनोद जुन्या पद्धतीचा होता, पण तो खोका उलगडून बघताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

खोका निवडताना मी जे केले त्याची मला आता थोडी लाज वाटते. हिशेब तपासण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे कुठल्याही खरेदीचा मी आधी तक्ता करते. या तक्त्यात चौदा रकाने होते. वॉट किती, चॅनेल, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाच्या वाटा, किती, चित्र आणि आवाज एकत्र वाहणाऱ्या एचडीएमआय वायरीच्या खाचा किती, त्यांतल्या किती सेकंदाला 18 गिगाबिटच्या आणि किती 40 गिगाबिटच्या, खोलीनुसार आवाज जुळवून घेणारी व्यवस्था ऑडिसीची की यामाहाची स्वतःची वायपाओ की डिरॅक, टीव्हीचा आवाज त्याच वायरने रिसीव्हरकडे परत आणणारी सोय ईआर्क आहे की नुसतेच आर्क. वॉटच्या रकान्याने मला पहिल्यांदा शहाणे केले. एकाच यंत्राच्या एका कागदावर 150 वॉट लिहिलेले असते आणि दुसऱ्या कागदावर 80, आणि दोन्ही खरे असतात. पहिला आकडा एकच चॅनेल चालू ठेवून, 6 ओहमवर, 1 किलोहर्ट्‌झच्या एकाच सुरावर, दहा टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला असतो. दुसरा दोन चॅनेल चालू ठेवून, 8 ओहमवर, 20 हर्ट्‌झपासून 20 किलोहर्ट्‌झपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात, विकृती एक टक्क्याच्याही बरीच खाली राखून मोजलेला असतो. मला एकदम लहानपणीचे टेपरेकॉर्डर आठवले. त्यांच्या तोंडावर चंदेरी अक्षरांत पीएमपीओ 1000 वॉट असे लिहिलेले असायचे आणि आत खेळण्यातल्या मोटारीला लाजवेल एवढासा ट्रान्सफॉर्मर. आकडे फुगवण्याची रीत तीच, फक्त आता तळटीप छापतात. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात, हे कळल्यावर 80 आणि 100 वॉटमधला फरक मी तक्त्यातून सरळ पुसून टाकला.

दुकानाचा अनुभव वेगळाच. पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर, पिना, कनेक्टर घ्यायला मी बाबांच्या मागे मागे लहानपणापासून जात आलेले आहे, पण होम थिएटरची दुकाने तिथल्यासारखी नसतात. तिथे गालिचा असतो, एसी असतो, आणि बाईमाणूस एकटीच दिसली की “सर येणार आहेत का?” हा प्रश्न असतो. सर येणार नव्हते. दाखवण्याच्या खोलीत त्या तरुणाने दिवे मालवून जो प्रसंग लावला त्यात हेलिकॉप्टर डोक्यावरून गेले, काच फुटली, छातीत धडधडले. हा ॲटमॉस, मॅडम, वर दोन स्पीकर हवेतच, असे तो म्हणाला. आवाज डोक्यावरही फिरवणारी ही पद्धत 2012 मध्ये चित्रपटगृहांत आली आणि दोनेक वर्षांनी घरात. ज्यांना छताला भोके पाडायची नाहीत त्यांच्यासाठी वरच्या दिशेला तोंड असलेले स्पीकर मिळतात, ते आवाज छतावर आपटून खाली परतवतात. मी विचारले, “आणि पंखा?” तो तरुण हसला. आमच्याकडे आठ महिने छताचा पंखा फिरत असतो, आणि हेलिकॉप्टरचा आवाज त्या पात्यांतून कापला जाऊन कसा येईल हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. त्या तासाभरात त्या खोलीत एकाही माणसाचे एकही पूर्ण वाक्य माझ्या कानी पडले नाही, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

बाबांची तक्रार नेमकी तीच होती. “ओरडतात सगळे, बोलत कोणीच नाही.”

वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीतले सूर सोडतात, आणि भाषेतली अर्धी ओळख त्याच पट्टीत असते. स, श, त, फ ही अक्षरे विरून जातात, स्वर तेवढे उरतात. मग आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत, आणि घरातली माणसे आवाज वाढवत राहतात, त्याने स्फोट वाढतात, शब्द तिथेच राहतात. माझ्या तक्त्यात बाबांच्या कानांचा रकाना नव्हता. चांगली गोष्ट एवढीच की, जे यंत्र मी हेलिकॉप्टरसाठी घेतले त्यात त्यांच्या कानांवरचा उपाय आपसूक आला होता. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, आणि रिसीव्हरवर त्या एकट्या स्पीकरची पातळी वेगळी वाढवता येते. मी ती तीन डेसिबलने चढवली, मोठ्या-लहान आवाजांमधली दरी कमी करणारी रात्रीची सोय चालू केली, आणि पुढच्या रविवारी बाबा पूर्ण चित्रपट बसून पाहते झाले. शेवटी फक्त म्हणाले, “आज बोलले बुवा.” चौदा रकान्यांच्या तक्त्याला इतकी छोटी पावती.

त्याआधी आवाज जुळवायचा सोहळा झाला होता, तो सांगितलाच पाहिजे. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर, एकामागून एक आठ ठिकाणी ठेवायचा आणि प्रत्येक वेळी सगळे स्पीकर आळीपाळीने एखाद्या रागावलेल्या पाखरासारखे ‘फुईक फुईक’ करतात. त्यातून यंत्र अंतरे मोजते, भिंतींनी कुठला सूर फुगवला ते ओळखते. एवढा वेळ खोलीत शांतता हवी. म्हणजे भर एप्रिलमध्ये पंखा बंद. आम्ही तिघे घामाघूम होऊन मूर्तीसारखे उभे, आणि सहाव्या जागेवर शेजारच्या स्वयंपाकघरातला कुकर नेमका बोलला. पडद्यावर आले की गोंगाट फार आहे, पुन्हा करा. बाबा हळूच म्हणाले, “तीन शिट्ट्या होऊ देत. वरण आहे.”

खरी अडचण पुढे आली, ती चित्र वाटून देण्याची. बाबांच्या खोलीत त्यांचा जुना बत्तीस इंची टीव्ही आहे, तो त्यांना सोडायचा नाही. सेट-टॉप बॉक्स हॉलमध्ये. त्यांना रात्री जेवणानंतर बातम्या आणि कीर्तन आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर हवे. दुसरा बॉक्स घ्यावा तर त्याचे दर महिन्याचे पैसे, आणि बाबांचे म्हणणे की एका घराला दोन कनेक्शने म्हणजे एका घोटासाठी दोन तांबे. तेव्हा मी एक आत, दोन बाहेर असा स्प्लिटर आणला आणि तो रिसीव्हर व टीव्ही यांच्यामध्ये बसवून टाकला. दोन्ही खोल्यांत चित्र आले. पण हॉलमधल्या नव्या, फोर-के टीव्हीवरचे चित्र एकाएकी पाणी घातल्यासारखे दिसू लागले, रंगांतली झळाळी गेली, आणि टीव्हीमधल्या ॲपांचा आवाज आर्कच्या वाटेने रिसीव्हरकडे परत येई तोही बंद पडला.

इथे मला ईडीआयडी भेटले. एचडीएमआयची वायर म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या 19 पिनांपैकी काही चित्र वाहतात आणि काही फक्त चौकशा करतात. बॉक्स चित्र पाठवण्यापूर्वी पडद्याला विचारतो, तू कोण, तुला किती झेपेल? पडदा आपली माहिती, बहुधा अवघे 256 बाइट, पुढे करतो. ती माहिती म्हणजे ईडीआयडी. त्यानंतर एचडीसीपीची पाळी, म्हणजे पलीकडचे यंत्र चोरून नक्कल करणारे तर नाही ना, याची किल्ल्यांची देवाणघेवाण. दोन-तीन सेकंदांचा जो काळोख पडतो तो या विचारपुशीचा. मध्ये स्प्लिटर आला आणि त्याला दोन पडदे जोडले की तो बॉक्सला उत्तर काय देणार? माझ्या स्प्लिटरने दोघांपैकी ज्याला कमी झेपते त्याचे उत्तर पुढे केले. बाबांचा टीव्ही म्हणाला मला 1080 ओळींपुढे जमत नाही, आणि सगळे घर 1080 वर आले. मी चिडले. ते ऐकून बाबा म्हणाले, “मग बरोबरच आहे की त्याचं. पंगतीत वाढताना शेवटच्याचा वेग बघूनच वाढतात.”

लहानपणी सिग्नल असा विचारत नसे. वाड्याच्या कौलांवर अँटेनाची शिडी सिंहगडाकडे तोंड करून असायची, वारा आला की तिचे तोंड फिरायचे, आणि बाबा वर चढून ती फिरवत असताना मी चौकात उभी राहून आतल्या आईचे निरोप वर पोहोचवायची. “आलं का?” “मुंग्या आहेत!” “आता?” “माणूस दिसतो, पण दोन दिसतात!” पुढे केबल आली. जिन्यात काळ्या वायरींचा गुंता, दर मजल्याला एक वाटणी, आणि प्रत्येक वाटणीत सिग्नलची ताकद निम्म्याहून कमी. शेवटच्या मजल्यावर मुंग्या वाढल्या की केबलवाला बूस्टर बसवायचा, आणि तो बूस्टर चित्राबरोबर मुंग्यांनाही तितकेच खाऊपिऊ घालायचा. तरी काहीतरी दिसत असे. क्रिकेटचा चेंडू दिसला नाही तरी फलंदाज कुठे धावतो यावरून तो कुठे गेला ते कळे. बिघाड हळूहळू यायचा, आपली ओळख देत यायचा. आताचा सिग्नल असतो तेव्हा निष्कलंक असतो आणि नसतो तेव्हा काळाकुट्ट, आणि काळ्या पडद्याकडे बघून वायर तुटली की पिन सैल झाली की दोन यंत्रांचे एकमेकांशी पटले नाही, यांतले काहीच कळत नाही.

शहाणपण आले ते असे की, स्प्लिटरची जागा चुकली होती. वाटणी रिसीव्हरच्या नंतर नाही, आधी करायची. बॉक्समधून चित्र निघाले की लगेच दोन वाटा, एक रिसीव्हरकडे आणि दुसरी थेट बाबांकडे. बॉक्स नाहीतरी एचडीच देतो, त्यामुळे कुणाचे नुकसान नाही, आणि फोर-के देणारी बाकीची यंत्रे सरळ रिसीव्हरला. उरले बारा-तेरा मीटरचे अंतर, आणि खोलीतून बॉक्सचा चॅनेल बदलायचा कसा हा प्रश्न. त्यावर तोडगा म्हणजे एक्स्टेंडरची जोडी. एक डबी हॉलमध्ये, एक खोलीत, मध्ये संगणकाच्या जाळ्याला वापरतात ती कॅट-सिक्स वायर. चित्र इकडून तिकडे जाते आणि त्याच वायरने रिमोटची आज्ञा तिकडून इकडे येते. हरभऱ्याएवढा एक काळा डोळा बाबांच्या टीव्हीच्या कडेला चिकटवायचा, त्याच्याकडे रिमोट रोखला की हॉलमधला बॉक्स ऐकतो.

वायर बाबांनी ओढली. माणूस बोलवायचा नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते. पत्र्याच्या जुन्या डब्यातून पक्कड निघाली, वायरची निळी साल त्यांनी ब्लेडने नुसती रेघ मारून अशी उतरवली की आतल्या एकाही तारेला ओरखडा नाही. आत पिळलेल्या चार जोड्या. त्या पाहताच त्यांचा चेहरा ओळखीचा माणूस भेटल्यासारखा झाला. “निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. आमच्याकडे पाचवी करडी असायची. रांग मात्र तुमची वेगळी आहे.” मोबाइलवर रंगांचे चित्र मी धरून उभी होते. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. त्यांनी आठही तारा अंगठ्याखाली चपट्या केल्या, एका रेषेत कापल्या. “जोडी लागेल तेवढीच उसवायची,” ते म्हणाले. “अर्धा इंच. जास्त उसवली की शेजारच्या जोडीतलं बोलणं हिच्यात ऐकू येतं. आमच्याकडे लोक त्यावरून भांडायचे, की आमच्या फोनवर दुसऱ्याचं लग्न ठरतंय.” मग पक्कड दाबली. तो ‘कट्’ असा आवाज ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिले. चित्र पहिल्या फटक्यात आले.

त्या संध्याकाळी मी त्यांना ईडीआयडीच्या आधी होते ती गोष्ट सांगितली. बॉक्स एका पिनेवर 5 व्होल्ट ठेवतो, पलीकडे टीव्ही असला की तो एकोणिसाव्या पिनेवरून उत्तर देतो, मी आहे, आणि तेव्हाच पुढचे बोलणे सुरू होते. बाबा म्हणाले, यात नवीन काय? लाइनवर 48 व्होल्ट कायम असत. रिसीव्हर उचलला की खालचा खटका वर येई, वर्तुळ पुरे होई, एक्सचेंजला कळे की पलीकडे माणूस आहे, आणि मग डायल टोन. “खाली ठेवला की माणूस गेला. तार तशीच असते.”

आता त्या रात्रीकडे येते. विजा चमकू लागल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने हॉलमधल्या टीव्हीचे आणि रिसीव्हरचे बटण भिंतीवरूनच बंद केले. महागाची वस्तू, त्याचे चुकले असे नाही. बॉक्स आणि स्प्लिटर मात्र चालू ठेवले, कारण आत बाबा कीर्तन ऐकत होते. पण माझा स्प्लिटर बॉक्सला उत्तर देण्यासाठी पहिल्या वाटेवरच्या यंत्राची, म्हणजे रिसीव्हरची, माहिती वापरत असे. तोवर रिसीव्हर रात्री नुसता झोपलेला असायचा, पूर्ण मेलेला कधीच नसायचा, म्हणून हे ध्यानात आले नव्हते. त्या रात्री ती वाट निष्प्राण झाली, स्प्लिटरने बॉक्सला सांगितले की पलीकडे कोणीच नाही, आणि बॉक्सने चित्र थांबवले. पलीकडे बाबा होते. पाऊण तास होते. ते बटणे दाबून पाहू शकत होते, हाक मारू शकत होते, पण त्यांनी आधी आपल्या पकडीवर संशय घेतला आणि टॉर्च काढला.

मी बोलले नाही, त्याची कारणे मी नंतर बरीच गोळा केली. मध्यरात्री यंत्रांची कुंडली कुठे मांडत बसायची, हे एक. “तुमची जोडणी चांगली आहे, आम्हीच बटण बंद केलं” असे म्हणणे म्हणजे ते आत बघत बसलेले असताना आम्ही घर मिटवून झोपलो, असे कबूल करणे, हे दुसरे, आणि हे मला स्वतःशी मान्य करायला दोन दिवस लागले. सकाळी उठले तर बाबांनी दोन्ही टोके कापून नव्याने जोडलेली होती. जमिनीवर कापलेल्या तारांचे रंगीत तुकडे एका कागदावर नीट गोळा केलेले. तोपर्यंत नवऱ्याने सवयीने हॉलमधली बटणे चालू केली होती, त्यामुळे चित्र अर्थातच आले. “बघ,” बाबा म्हणाले, “सैलच होती.”

मी म्हणाले, “हो.”

त्याच रात्री सगळे झोपल्यावर मी कपाटामागे हात घालून स्प्लिटर बाहेर ओढला. त्याच्या पोटाला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार कळा आहेत. त्यांच्या मांडणीवरून स्प्लिटरने कुणाचे ऐकायचे ते ठरते. केसांतला आकडा काढून त्याच्या टोकाने मी दुसरी कळ वर केली. आता तो रिसीव्हरला काही विचारत नाही, 1080 आणि दोन चॅनेलचे ठरलेले उत्तर स्वतःच देतो. हॉलमधली बटणे बंद करून, अनवाणी जाऊन, बाबांच्या दाराशी उभी राहिले. आत कीर्तनकारांचा आवाज चालू होता.

आषाढात एका रविवारी धूळ पुसायला मी ते कपाट पुढे ओढले. स्प्लिटर होता तिथेच होता, पण त्याच्या पोटावर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता, कडा कात्रीने सरळ कापलेल्या. एक्सचेंजमधल्या चौकटींवर नंबर लिहीत असत तशा उभ्या, एकमेकांना न चिकटणाऱ्या अक्षरांत निळ्या पेनाने लिहिले होते, ‘कळ क्र. 2 वर. हलवू नये.’ खाली आद्याक्षरे, आणि तारीख. मी केसांतला आकडा काढला होता त्याच्या दुसऱ्या दिवसाची.